तिसऱ्या सिलिंडरचा आलेख

फोंड्यातल्या घरी, पावसाळी संध्याकाळी, आमच्या चार सिलिंडरांच्या विमानातील इंजिन मॉनिटरच्या (प्रत्येक सिलिंडरचे तापमान नोंदवणाऱ्या उपकरणाच्या) नोंदी पाहताना तिसऱ्या सिलिंडरच्या एक्झॉस्ट वायूचे तापमान उड्डाणाच्या मध्यावर सुमारे ६० अंश फॅरनहाइटने चढलेले आणि त्याच क्षणी सिलिंडर हेडचे तापमान किंचित उतरलेले मला दिसले. सिलिंडरमधील दोनपैकी एक स्पार्क प्लग (इंधन पेटवणारी ठिणगी देणारा भाग) बंद पडला की ज्वलन लांबते आणि वायू अधिक तप्त अवस्थेत बाहेर पडतो. गोव्याच्या खाऱ्या हवेत प्रोबच्या, म्हणजे तापमान मोजणाऱ्या संवेदकांच्या, जोडण्या गंजतात, म्हणून त्या मी आधी तपासल्या. नंतर जमिनीवर एक मॅग्नेटो (प्रत्येक सिलिंडरमधील एकेका प्लगला वीज देणारे यंत्र) बंद करताच बाकीचे तीन आलेख वर गेले आणि तिसऱ्या सिलिंडरचा कोसळला, कारण त्याचा उरलेला प्लग ठिणगी देत नव्हता. एकाच काट्याच्या जुन्या मापकावर हा दोष नेमका कुठे आहे, हे कळलेच नसते. काढलेला प्लग तेलाने माखलेला होता.