ऐहिक गाणी आणि माझा विश्वास

मी रविवारी चर्चच्या उपासनेत गायनवृंदासोबत गाते आणि एरवी प्रेमगीते, विरहगीते, जॅझ असे सगळे आवडीने ऐकते. यांपैकी एक आवड खरी आणि दुसरी वरवरची असली पाहिजे, असा काही सहविश्वासूंचा समज असतो. मला तसे वाटत नाही, मात्र त्यांची शंका उडवून लावण्यासारखी आहे, असेही मी म्हणणार नाही.

ही शंका फार जुनी आहे. प्राचीन काळचे ख्रिस्ती धर्मपंडित संत ऑगस्टीन यांनी आपल्या आत्मनिवेदनात लिहिले आहे की, गायल्या जाणाऱ्या शब्दांपेक्षा गाण्यानेच मन अधिक हेलावले, तर ते त्यांना पाप वाटे आणि त्यापेक्षा गाणे कानावर न पडलेले बरे, असे होऊन जाई. लक्षात घ्यायचे ते हे की, त्यांची ही तक्रार बाजारातल्या गाण्यांविषयी नाही, मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, गायल्या जाणाऱ्या स्तोत्रांविषयी आहे. सुरांची भुरळ जर उपासनेतही पडू शकते, तर गाण्यावर ‘ऐहिक’ असा शिक्का मारून धोका बाहेर ठेवता येईल, ही आशा व्यर्थ आहे. सोळाव्या शतकात प्रोटेस्टंट पंथ उदयाला आले, त्या धर्मसुधारणेच्या काळातही सुधारकांत एकमत नव्हतेच: ल्यूथर यांनी संगीताला ईश्वरविद्येखालोखाल स्थान दिले, तर अनेक वाद्ये वाजवणाऱ्या झ्विंग्ली यांनी झ्युरिकच्या उपासनेतून संगीतच काढून टाकले.

चालींना तर धर्म नसतोच. जर्मन संगीतकार हान्स लिओ हासलर यांनी १६०१ मध्ये एक प्रेमगीत प्रसिद्ध केले, त्यातल्या प्रियकराचे चित्त एका तरुणीने पार गोंधळवून टाकले आहे. हीच चाल पुढे भक्तिगीताला लागली, मग काट्यांचा मुकुट घातलेल्या ख्रिस्ताच्या मस्तकाविषयीच्या गीताला, आणि संगीतकार बाख यांच्या मत्तयकृत शुभवर्तमानावरील दुःखसहन-संगीतात (येशूच्या यातना आणि मृत्यू गाऊन सांगणाऱ्या रचनेत) ती पुन्हा पुन्हा येते. मूळ गीताची लय खेळकर, ठेका बदलत जाणारा. बाख यांच्याकडे पोचेपर्यंत ती सरळ, संथ आणि जड झालेली आहे. चाल तीच राहिली, पण तिची चाल बदलली, आणि मला वाटते, हे काम करणाऱ्यांना आपण काय करत आहोत याची पुरती जाणीव होती.

तरीही प्रत्येक आवडत्या गाण्यात देव शोधून काढण्याची जी सवय आपल्यापैकी काहींना असते, ती मला पटत नाही. प्रियकराची वाट पाहणाऱ्या स्त्रीचे गाणे हे त्या स्त्रीचेच गाणे आहे. तिला बळेच आत्म्याचे रूपक केले की गाणेही बिघडते आणि रूपकही. पवित्र शास्त्राला अशा सबबींची गरज भासलेली दिसत नाही. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतले पंचेचाळिसावे स्तोत्र राजाच्या विवाहाचे गीत आहे. अस्वस्थ झालेल्या शौल राजाला तरुण दाविदाच्या वीणेने आराम पडे, पण तेव्हा दावीद काही गात होता की नुसतीच वीणा वाजवत होता, हे शास्त्र सांगत नाही.

याचा अर्थ मी वाटेल ते ऐकते, असा नाही. जे जे सत्य, शुद्ध आणि प्रशंसनीय, त्याचे मनन करा, असे प्रेषित पौल फिलिप्पै शहरातल्या ख्रिस्ती लोकांना पत्रात लिहितो, आणि स्त्रीला वस्तू समजणारी किंवा सूडाची नशा चढवणारी गाणी, ठेका कितीही झकास असला तरी, त्या कसोटीला उतरत नाहीत. दुःखाची, विरहाची, अगदी देवाशी भांडणारीही गाणी मात्र सत्याच्या बाजूने उतरतात असे मला वाटते. निम्मी स्तोत्रसंहिता नाहीतर आपण कशी वाचली असती?

अधिक अवघड प्रश्न दुसऱ्याच्या विवेकबुद्धीचा आहे. मूर्तीला दाखवलेला नैवेद्य खावा की नाही, याविषयी करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना लिहिताना पौल म्हणतो की, तुला मोकळीक आहे, पण तुझ्या मोकळिकीने दुर्बळ भाऊ अडखळू नये. ज्याने मोठ्या कष्टाने दारू सोडली आहे आणि ज्याला एखादे गाणे थेट त्या जुन्या मैफलीत नेऊन बसवते, त्याच्यासमोर मी ते गाणे लावत नाही. ते गाणे पापी आहे म्हणून नव्हे. आणि त्याने मला तसे करायला सांगितले आहे, असेही नाही.

रविवारी सकाळी उपासनेपूर्वी मी दुसरे काहीही ऐकत नाही. लोक त्यात भक्तिभाव पाहतात. खरे कारण एवढेच की, मला गायनवृंदातला खालचा सूर धरायचा असतो आणि कानात दुसरीच चाल घोळत असली की तो हमखास सुटतो.