माटिल्डा रंगवताना: निळ्या पट्ट्यापासून सिल्व्हर ग्रेपर्यंत

१९४०-४१ मधल्या उत्तर आफ्रिकेतल्या ब्रिटिश रणगाड्याचं मॉडेल करायला घेतलं की निळ्या रंगाशी गाठ पडतेच. तिरक्या, सरळ कडांच्या तीन रंगी पट्ट्यांची ती कॉन्टर पद्धत. ब्रिगेडियर कॉन्टर यांच्या नावाने ती ओळखली जाते. लांबून रणगाड्याची आकृती तुटक दिसावी, हा तिचा हेतू. माझ्या १/३५ मापाच्या माटिल्डा रणगाड्याच्या सूचनापत्रात यातला एक पट्टा चक्क आकाशी निळा होता. इंग्लंडमधल्या बोव्हिंग्टनच्या संग्रहालयातला माटिल्डाही बरीच वर्षं असाच फिक्या निळ्यात उभा होता. तो पाहून किती मॉडेल्स निळी झाली असतील, कोण जाणे.

मी आधी रंगांची नावं शोधली. तळाला पोर्टलँड स्टोन क्र. ६४ किंवा लाइट स्टोन क्र. ६१, त्यावर सिल्व्हर ग्रे क्र. २८ आणि स्लेट क्र. ३४. यात निळा कुठेच नाही. ब्रिटिश लष्करी रंगांचे अभ्यासक माइक स्टार्मर यांनी हा घोळ बराच निस्तरला आहे. त्यांच्या मते सिल्व्हर ग्रे हा फिका, हिरवट राखाडी. स्लेटही हिरवटच, पण बराच गडद. तयार बाटल्यांच्या मागे न लागता मी ॲक्रिलिक रंग मिसळत बसलो आणि प्रत्येक मिश्रणाचा ठिपका पांढऱ्या प्लॅस्टिकवर देऊन, वाळल्यावर, दिवसाच्या उजेडात पाहिला. ट्यूबलाइटखाली हिरवट राखाडीचा भरवसा नाही.

मग मोबाइलवर मॉडेलचा फोटो काढून तो कृष्णधवल केला आणि त्या काळच्या फोटोंशेजारी ठेवला. ऊन आणि फिल्म यांमुळे छटा बदलतात, त्यामुळे असा फोटो रंग सांगत नाही. पण कोणता पट्टा सर्वांत फिका, कोणता मधला आणि कोणता गडद, हा क्रम कळतो. माझा सिल्व्हर ग्रे पोर्टलँड स्टोनच्या फार जवळ जात होता, तो थोडा गडद केला.

घडणीसाठी नगरच्या (आता अहिल्यानगर) कॅव्हलरी टँक म्युझियमची फेरी उपयोगी पडली. माटिल्डाचा ओतीव बुरूज फोटोत सपाट वाटतो. प्रत्यक्षात त्याचा फुगवटा पाहिला आणि सरळ कडा त्यावर कशी टिकवायची याची काळजी लागली. रंगासाठी मात्र संग्रहालयातल्या रणगाड्यांवर विसंबू नये. नंतरचे हात त्यांच्यावर चढलेले असतात.

खरा वेळ मास्किंगने, म्हणजे रंगाच्या कडा टेपने झाकण्याने, खाल्ला. तिरकी कड बाजूच्या पत्र्यांवरून, चिखल खाली पडावा म्हणून ठेवलेल्या उतरत्या खाचांमधून जाते. टेपचा एक लांब तुकडा तिथे बसत नाही. काचेवर अगदी बारीक पट्ट्या कापल्या, खाचेत टूथपिकने दाबल्या, आणि दूर उभं राहून रेघ सलग दिसते ना ते पाहिलं. नवा रंग मारण्याआधी टेपच्या कडेवर खालचाच रंग पुन्हा हलका फवारला. झिरपायचं ते त्याच रंगाचं झिरपतं आणि कड स्वच्छ येते. डावी आणि उजवी बाजू एकमेकींची प्रतिबिंबं नसतात, म्हणून दोन्हींचे आराखडे मॉडेलच्या मापात छापून टेबलाला चिकटवले होते.

खुणांसाठी आधी प्रसंग ठरवावा लागतो. मी निवडला ९ डिसेंबर १९४० चा, इजिप्तमधल्या निबेइवावरचा हल्ला. त्या पहाटे सातव्या रॉयल टँक रेजिमेंटचे माटिल्डा चौथ्या भारतीय डिव्हिजनच्या ११व्या ब्रिगेडबरोबर इटालियन तळात घुसले आणि इटालियन रणगाडाविरोधी तोफांना त्यांचं ७८ मिलिमीटरपर्यंतचं चिलखत भेदता आलं नाही. या रेजिमेंटच्या रणगाड्यांची नावं जी या इंग्रजी अक्षराने सुरू होत, कारण ते वर्णमालेतलं सातवं अक्षर. तेव्हा तसं नाव आणि टी-क्रमांक (लष्करी नोंदणी क्रमांक), एवढंच लावलं. चकचकीत वार्निश, डेकल (छापील खुणांचे चिकटवायचे तुकडे), ते मऊ करणारं द्रावण, शेवटी मॅट वार्निश. धूळ चाकांवर आणि खालच्या पत्र्यांवर भरपूर, वर मात्र जेमतेम. एवढी मेहनत करून पट्टे धुळीत कोण गाडेल?

डेकलच्या कागदावर पांढरा-लाल-पांढरा ओळखपट्टाही होता, आणि दिसायला फार देखणा. तो या रणगाड्यांवर १९४१ च्या अखेरच्या मोहिमेत आला, म्हणून कागदावरच राहू दिला. पुढे क्रूसेडर रणगाडा केला तर लागेल.