मुंबईचे साडेनऊ, फ्रँकफर्टचे पाच

विक्रोळीच्या ऑफिसात काम करणाऱ्या काकांनी टेबलाच्या खणातून दोनशे पानी वही काढली आणि माझ्यापुढे उघडून ठेवली. निळ्या पेनाने आखलेले तीन रकाने: तारीख, जागेवर बसलो ती वेळ, काम सुरू झालं ती वेळ. 9.31 ते 9.34. 9.29 ते 9.32. 9.33 ते 9.37. नोव्हेंबरचा अख्खा महिना असाच.

"अगं, तुमचा आकडा काय म्हणतो ते मला नको सांगूस," काका म्हणाले. "हे बघ."

मी मूळची मुलुंडची, सध्या राहायला फ्रँकफर्टला. इथे मी नक्की करते काय, हे घरच्यांना नीटसं ठाऊक नाही, म्हणून आधी तेवढं सांगते. विक्रोळीतल्या त्या ऑफिसात विम्याच्या दाव्यांचे कागद तपासणारी माणसं बसतात. टेबलावर पडदा, कीबोर्ड, माऊस आणि एक लहानशी डबी. ज्या विंडोजवर ते काम करतात ते मात्र फ्रँकफर्टच्या डेटा सेंटरमधल्या सर्व्हरवर चालतं. विक्रोळीत कळ दाबली की ती तिकडे पोहोचते, तिकडचं चित्र इकडे येतं. आमच्या लाइनवर जाऊन-येऊन साधारण सव्वाशे मिलिसेकंद लागतात. यालाच व्हर्च्युअल डेस्कटॉप म्हणतात. सकाळी लॉगिन व्हायला किती वेळ लागतो हे मोजायचं, आणि तो वाढला तर कुठे वाढला ते शोधायचं, हे आमच्या टीमचं काम.

मुंबईकडून तक्रार यायची की डेस्कटॉप यायला तीन मिनिटं लागतात. आमच्या रिपोर्टात मुंबईचा सकाळचा आकडा 33 सेकंद. मग "तुमच्याकडचं इंटरनेट तपासून घ्या" असा शेरा मारून तक्रारीचं तिकीट बंद व्हायचं. त्यातली काही तिकिटं मी स्वतः बंद केली आहेत, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं. डिसेंबरात सुट्टीला घरी आले तेव्हा त्यातले चार दिवस बाजूला काढले आणि थेट विक्रोळी गाठली.

पहिल्याच सकाळी एक गोष्ट दिसली, जी फ्रँकफर्टमध्ये बसून कधीच दिसली नसती. जर्मनीत आमच्याकडे कामाची वेळ लवचीक आहे, ग्लाइटत्साइट म्हणतात तिला. कोणी सातला येतं, कोणी साडेनवाला. सर्व्हरवर माणसं थेंबाथेंबाने येतात. विक्रोळीत मात्र सव्वानऊपर्यंत मजला रिकामा. मग दोन लोकल लागोपाठ येतात आणि दहा मिनिटांत सगळ्या खुर्च्या भरतात. डबा ठेवला, पंखा लावला, पासवर्ड टाकला, सगळ्यांचं एकदमच. लॉगिनची झुंबड हा शब्द मी कितीतरी मीटिंगांमध्ये वापरला होता. ती झुंबड सेंट्रल रेल्वेच्या वेळापत्रकावर चालते, हे मुलुंडची असूनही माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

मी मोबाइलवर स्टॉपवॉच लावलं. काकांनी पासवर्ड टाकला, फोनवर आलेला ओटीपी टाकला, डेस्कटॉपच्या चित्रावर क्लिक केलं: 35 सेकंद. मग ते गोल फिरणारं चक्र: 90 सेकंद. मग निळी पार्श्वभूमी आली. मला वाटलं झालं, पण काका हात बांधून बसलेले. आयकॉन सगळे पांढरे, कोऱ्या कागदासारखे. एकेक करून त्यांच्यात रंग भरत होता, आणि तोवर कशावरही क्लिक केलं तरी पडदा ढिम्म. आणखी 65 सेकंद. एकूण 3 मिनिटं 10 सेकंद. वही खरी होती.

मग आमचे 33 सेकंद आले कुठून?

त्याचं उत्तर सापडलं तेव्हा मी काही क्षण नुसती बसून राहिले. मुंबईच्या सकाळचा रिपोर्ट फ्रँकफर्टच्या घड्याळाने 6 ते 7 या तासावर लावलेला होता. उन्हाळ्यात दोन्हीकडच्या घड्याळांत साडेतीन तासांचं अंतर असतं, म्हणजे मुंबईचे 9.30 ते 10.30. अगदी बरोबर. पण ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपातली घड्याळं एक तास मागे जातात. भारताचं घड्याळ आपल्या जागीच राहतं. अंतर साडेचार तासांचं झालं आणि आमचा रिपोर्ट मुंबईचे 10.30 ते 11.30 दाखवू लागला. तेव्हा गर्दी ओसरलेली असते. शिवाय चहाहून परत आलेली माणसं आपल्या चालू सेशनला, म्हणजे आधीच उघडलेल्या डेस्कटॉपला, फक्त पुन्हा जोडली जातात, ते नवं लॉगिन धरलंच जात नाही. विंडोजच्या इव्हेंट लॉगमध्ये, म्हणजे घडामोडींच्या नोंदवहीत, वेळ यूटीसीनेच, म्हणजे जगभर एकच असलेल्या प्रमाणवेळेनेच साठवलेली असते. आम्हीच ती वाचताना आमच्या भिंतीवरच्या घड्याळाने वाचली. रिपोर्ट भारतीय वेळेवर बांधला आणि आकडा 88 सेकंदांवर गेला.

तेही पूर्ण खरं नव्हतं. कितीतरी नोंदींमध्ये पॉलिसी (विम्याची नव्हे, लॉगिनच्या वेळी विंडोजला लागू होणारे कंपनीचे नियम) आणि प्रोफाइल (प्रत्येकाची स्वतःची सेटिंग्ज) यांचे रकाने कोरे होते. एका सर्व्हरवर पंधरा-वीस जण असतात आणि या लॉगची मूळ मर्यादा अगदी लहान, काहींची तर 1 एमबीच्या आसपास. झुंबडीत नव्या नोंदी जुन्यांवर चढतात. मोजणारा प्रोग्राम वाचायला येईपर्यंत "सुरू झालं" ही नोंद पुसलेली असते, मग उरलेल्या "संपलं" या नोंदीवरून वेळ काढणार कसा? तो रकाना कोरा सोडतो, आणि आम्ही कोरे रकाने सरासरीतून वगळत होतो. म्हणजे सगळ्यात वाईट सकाळी हिशेबात नसायच्याच. लॉगची मर्यादा 64 एमबी केली.

आता काकांच्या 90 सेकंदांचे तुकडे पाडता येऊ लागले. माझा पहिला संशय प्रोफाइलवर होता. यूजर प्रोफाइल सर्व्हिसच्या लॉगमध्ये इव्हेंट 1 म्हणजे लॉगिनची सूचना मिळाली आणि इव्हेंट 2 म्हणजे काम उरकलं. दोन्हींत अंतर 4 सेकंद. प्रोफाइलचा दोष नव्हता. ग्रुप पॉलिसीच्या, म्हणजे त्या नियमांच्या, लॉगमध्ये सुरुवातीच्या 4001 पासून शेवटच्या 8001 पर्यंत 44 सेकंद. त्यांच्या मधल्या 5016 क्रमांकाच्या नोंदी प्रत्येक भागाला किती मिलिसेकंद लागले ते सांगतात. शून्य, सोळा, तीनशे, आणि मग प्रिंटरच्या नोंदीत 41 हजारांच्या वर, म्हणजे 41 सेकंद.

मी मान वर करून मजल्याकडे पाहिलं. पॉलिसीत या मजल्याचे पाच प्रिंटर होते. समोर दिसत होते दोन.

"बाकीचे कधीच भंगारात गेले," पलीकडच्या ताई म्हणाल्या. "तुम्हाला कोणी सांगितलं नाही?"

प्रिंटरचा सर्व्हर विक्रोळीत, विंडोज फ्रँकफर्टमध्ये. रोज सकाळी प्रत्येकाचं सेशन फ्रँकफर्टहून मुंबईला येऊन पाचही प्रिंटरची चौकशी करायचं. प्रत्येक प्रश्नाला सव्वाशे मिलिसेकंदांची फेरी, असे शेकडो प्रश्न, आणि जे प्रिंटर नाहीतच त्यांच्यासाठी वाट पाहून थकेपर्यंत थांबणं. तीन नावं काढली, उरलेले दोन लॉगिन झाल्यावर जोडले जातील असं केलं. 44 चे 4 सेकंद झाले.

पांढऱ्या आयकॉनचं कारण याच जातीचं निघालं. डेस्कटॉपवरच्या शॉर्टकटांची चित्रं एका जुन्या फाइल सर्व्हरवरून यायची होती. तो सर्व्हर कधीचाच बंद, पत्ता मात्र प्रत्येक शॉर्टकटमध्ये लिहिलेला. विंडोज प्रत्येक चित्रासाठी त्या पत्त्यावर जायचं, कोणी दार उघडत नाही म्हणून थांबायचं, मग पुढच्या चित्राकडे वळायचं. चित्रं सर्व्हरवरच ठेवून दिली. 65 चे 6 सेकंद.

हे 65 सेकंद मला अजून छळतात. ते आमच्या कुठल्याच आकड्यात नव्हते, आणि त्याला कसली बिघडलेली मोजणी जबाबदार नव्हती. आमचं घड्याळ सुरू होतं डेस्कटॉपची मागणी ब्रोकरकडे, म्हणजे कोणाला कुठला सर्व्हर द्यायचा ते ठरवणाऱ्या प्रोग्रामकडे पोहोचली की, आणि थांबतं एक्सप्लोररने, म्हणजे पडदा मांडणाऱ्या विंडोजच्या भागाने, डेस्कटॉप उभा केला की. काकांचं घड्याळ सुरू होतं खुर्चीत बसल्यावर आणि थांबतं पहिला दावा उघडल्यावर. दोन्ही घड्याळं बरोबर चालत होती. आम्ही आमचा आकडा त्यांच्या तोंडावर मारत राहिलो, तुमचं लॉगिन किती वेळात झालं ते जणू तुमच्यापेक्षा आम्हालाच जास्त कळतं. म्हणून आता प्रोसेस सुरू झाल्याची नोंद, इव्हेंट 4688, आम्ही चालू करून घेतली आहे. विंडोज ती आपणहून ठेवत नाही, ऑडिट पॉलिसीत मुद्दाम सांगावं लागतं. दाव्यांचा प्रोग्राम कधी सुरू झाला हे तिच्यातून दिसतं, आणि मुंबईच्या रिपोर्टात आता तोही आकडा असतो.

चौथ्या दिवशी स्टॉपवॉचवर 1 मिनिट 31 सेकंद. काकांनी वहीत लिहिलं, आपल्या हातातल्या घड्याळाशी पडताळून. त्या संध्याकाळी त्यांच्याबरोबर विक्रोळी स्टेशनपर्यंत चालत गेले. सकाळची ती दोन-तीन मिनिटं त्यांच्या जिवाला एवढी का लागायची, ते वाटेत कळलं. दिवसाच्या दाव्यांची मोजणी साडेनऊला सुरू होते, डेस्कटॉप आला असो वा नसो.

आता जानेवारी आहे. फ्रँकफर्टमध्ये पहाटेचे पाच, बाहेर मिट्ट काळोख, हीटरजवळ लॅपटॉप घेऊन मी मुंबईची झुंबड पाहते आहे. ओटीपीचे 35 सेकंद अजून तसेच आहेत. ते दुसऱ्या टीमकडे आहेत आणि त्यांच्या रिपोर्टात तिथे सगळं हिरवं दिसतं. आत्ताच काकांचा व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला, वहीच्या नव्या पानाचा. त्यांनी चौथा रकाना आखला आहे. वर लिहिलंय, "ओटीपी कधी आला". तोच फोटो मी त्या टीमला पाठवते आहे.