कुणाची मुलगी हे कळल्यानंतर

माझ्या फँटसी कादंबरीचा पहिला भाग संपला तेव्हा नायिकेला ती कुणाची मुलगी आहे हे कळलेलं होतं. हरवलेलं घराणं, लपवलेलं नाव, सगळं उघड झालेलं. मग दुसऱ्या भागात तिने शोधायचं काय? हा प्रश्न सुटेपर्यंत मी एकही प्रकरण लिहिलं नाही.

आधी पहिला भाग पेन्सिल घेऊन पुन्हा वाचला. कुणाचं वय किती, जखमेचा व्रण कोणत्या हातावर, कोणतं गुपित कुणाला ठाऊक, सगळं वहीत उतरवलं. छापलेलं आता बदलता येत नाही. टोल्कीन यांनी १९३७च्या ‘द हॉबिट’मधलं अंगठीच्या कोड्यांचं प्रकरण १९५१च्या आवृत्तीत बदललं, कारण पुढच्या कथेत त्या अंगठीचं महत्त्वच पालटलं होतं. ती मुभा मला नव्हती, त्यामुळे जे लिहून बसले होते त्यातूनच वाट काढायची होती.

वाट दाखवली उर्सुला ले ग्विन यांनी. त्यांच्या अर्थसी मालिकेतलं दुसरं पुस्तक, १९७१चं ‘द टूम्ब्ज ऑफ अतुआन’, मी त्या काळात परत वाचलं. पहिल्या भागाचा नायक गेड त्यात बराच उशिरा येतो. कथा आहे टेनारची, लहानपणीच पुजारीण करून जिचं नाव काढून घेतलंय अशा मुलीची. पुढे तिला नाव परत मिळतं, तरी पुस्तक तिथे थांबत नाही. त्या अंधाऱ्या जागेतून बाहेर पडायचं की नाही, हे तिचं तिलाच ठरवावं लागतं. मला हवं होतं ते हेच. माझ्या नायिकेला मिळालेलं उत्तर इतरांनी दिलेलं होतं, तिने स्वतः अजून काहीच ठरवलेलं नव्हतं.

मग नावाडी आला. पहिल्या भागातही तो होता, ‘कुणाची गं तू?’ असं विचारणारा, आणि तेव्हा तिच्याकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्या भागात तो तेच विचारतो. आता उत्तर आहे, पण ते दिलं की तो उठून उभा राहील, पैसे घेणार नाही, तिच्याशी पुन्हा सरळ बोलणार नाही. ती म्हणते, ‘पलीकडे जायचंय.’ आणि भाड्याचे पैसे त्याच्या हातावर ठेवते. एवढाच प्रसंग, पण त्यानंतर पुढची प्रकरणं सुचत गेली.

सगळ्यात किचकट काम जादूचं होतं. माझ्या जगात प्रत्येक मंत्राची किंमत म्हणून एक आठवण जाते. पहिल्या भागात हा नुसता नियम होता. स्वतःला शोधणाऱ्या मुलीच्या बाबतीत तो जिव्हारी लागणारा झाला. वहीत तीन रकाने आखले: प्रकरण, मंत्र, गेलेली आठवण. पूर थोपवताना आईच्या आवाजाची आठवण गेली, की पुढे कुठेही तिला तो आवाज आठवता कामा नये. ओळखीचं गाणं कानावर पडलं तरी तिने नुसतं थांबायचं, का थांबलो हे तिलाही कळायचं नाही. अशा जागा लिहिताना मला फार त्रास झाला, आणि कादंबरीतला माझा सर्वांत आवडता भागही तोच आहे.

आधीची कथा किती सांगायची, हा प्रश्न मानाने सोपा. वेगळा सारांश न देता जिथे गरज पडेल तिथे एखाद्या वाक्यात सांगितलं.

खर्डा पूर्ण झाल्यावर नायिकेच्याच वयाच्या काही मुलामुलींना वाचायला दिला. एक मुलगी म्हणाली, ‘हिला जो तो सांगतो तू अमुक आहेस, पण ही कुणालाच नाही म्हणत नाही.’ मोठ्यांपैकी कुणालाही हे दिसलं नव्हतं. त्या एका वाक्यासाठी मी शेवटची प्रकरणं नव्याने लिहिली. आता तिला गादी देऊ केली जाते तेव्हा ती भर दरबारात नकार देते, आणि कारण विचारणाऱ्या आजीला सांगते, ‘आजी, मी आधी नदीपलीकडचे गाव बघून येते.’

संपादकांना हा नकार फार लवकर आल्यासारखा वाटतो. त्यावर आमची चर्चा सुरू आहे. पानं कमी-जास्त करायला माझी तयारी आहे, तिचा नकार मात्र राहील.