आधी असाइनमेंट वाचा, पुस्तक नंतर

सांगलीहून मैत्रिणींचे सारखे मेसेज येतात की नोकरी आणि पोरं सांभाळून तिकडं सायन्स कसं शिकतेस, आणि आता कराडच्या माझ्या मामेबहिणीनं पण दूरशिक्षणातनं बीएस्सी करायला घेतलंय, म्हणून एकदा नीट लिहितेच.

मी इथं इंग्लंडमध्ये ओपन युनिव्हर्सिटीत शिकते. 1969 मध्ये स्थापन झाली, पहिले विद्यार्थी 1971 ला आले, बहुतेक कोर्सना बारावीचे मार्कसुद्धा विचारत नाहीत. आपलं नाशिकचं मुक्त विद्यापीठ 1989 चं, आपल्या देवराष्ट्र्याच्या यशवंतरावांच्या नावाचं, तेही घरी बसून शिकणाऱ्यांसाठीच.

खरी कसोटी असाइनमेंटची. इथं तिला टीएमए (ट्यूटर-मार्क्ड असाइनमेंट) म्हणतात, घरी सोडवायची, ऑनलाइन जमा करायची, ट्यूटर तपासतो. माझं ठाम मत आहे की आख्खं पुस्तक वाचून मग असाइनमेंट उघडू नये. युनिट सुरू व्हायच्या आधीच प्रश्न वाचून काढायचे, नाही समजले तरी चालतंय, म्हणजे वाचताना आपोआप कळतं की हा ग्राफ लागणार आहे, इथं थांबायला पाहिजे.

आता गणितं. आयर्विन पुलापाशी कृष्णेच्या पाण्याची धोक्याची पातळी 45 फूट हे सांगलीत शेंबड्या पोरालापण पाठ असतं. ते मीटरमध्ये करा. 1 फूट म्हणजे 0.3048 मीटर, कॅल्क्युलेटर दाखवतो 13.716, आणि आपण तेच उतरवतो. इथं त्याचे मार्क जातात, कारण पट्टीवर वाचलंय नुसतं 45, म्हणजे सिग्निफिकंट फिगर्स (मोजमापातले भरवशाचे अंक) दोनच, मग उत्तरात मिलिमीटरपर्यंतची अचूकता आली कुठनं? उत्तर 14 मीटर. मीटर लिहायलाच पाहिजे, राउंड ऑफ अगदी शेवटी एकदाच करायचं, मधल्या पायऱ्यांत नाही, आणि पायऱ्या सगळ्या दाखवायच्या, कारण शेवटचं उत्तर चुकलं तरी रीत बरोबर असेल तर तिचे मार्क मिळतात.

थिअरीत प्रश्नानं नेमकं काय मागितलंय ते बघा. 11 डिसेंबर 1967 च्या कोयनेच्या भूकंपाचं वर्णन करा म्हटलं तर कधी, कुठं, किती मोठा, काय नुकसान झालं एवढं बास. का झाला विचारलं तर मात्र साखळी जोडत जायला लागते: जलाशयाचं पाणी खालच्या खडकाच्या भेगांत झिरपलं, तिथला पाण्याचा दाब वाढला, फॉल्टच्या (खडक जिथं तुटून सरकतो त्या भेगेच्या) दोन्ही बाजूंना धरून ठेवणारं घर्षण कमी झालं, आधीपासून साठलेला ताण सुटला. बहुतेक शास्त्रज्ञ असंच सांगतात. यातली एक कडी गाळली की उत्तर अर्धवट राहतं, मग दोन पानं लिहा नाहीतर चार.

आणि नेटवरनं उचलू नका गं, इथं सॉफ्टवेअरनं ताडून बघतात, आणि उचललेलं डोक्यात तर अजिबात राहत नाही.

पेपर तपासून आला की नुसते मार्क बघून फाइल बंद करू नका. वर्गात बाई नाहीत, फळा नाही, तेव्हा ट्यूटरनं समासात लिहिलेलं हेच आपलं शिकवणं, मी ते वहीत उतरवून ठेवते आणि पुढची टीएमए लिहायच्या आधी वाचते. पोरं आजारी पडली, कामावर डबल शिफ्ट लागली तर मुदत वाढवून मागता येते, पण तारखेच्या आधी ट्यूटरला कळवायला पाहिजे, आणि शेवटच्या असाइनमेंटला ही सवलत सहसा मिळत नाही, त्यामुळं तिच्यासाठीची सुट्टी आधीच टाकून ठेवा.