कुणाचं नाव छापायचं, कुणाचं नाही

मंगळवार, रात्री उशिरा

आज मीडिया लॉचं लेक्चर संपलं तरी कुणी जागचं हललं नाही. एरवी शेवटच्या तासाला घड्याळाकडे बघत बॅगा भरून तयार असतात सगळे.

मॅडमनी फळ्यावर एक पोलीस प्रेसनोट लिहिली होती. खरी नव्हे, त्यांनीच रचलेली, पण भाषा हुबेहूब तशीच. बारा वर्षांची मुलगी, महापालिकेच्या शाळेत सातवीत, नाक्यावरच्या पिठाच्या गिरणीशेजारच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहणारी. गुन्हा पॉक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याखाली. आरोपी सावत्र बाप, नाव, वय आणि धंद्यासकट. आईला प्रकार कळला ती तारीख आणि गुन्हा नोंदवला ती तारीख. "याची दीडशे शब्दांत बातमी करा," एवढं म्हणून त्या खुर्चीत बसल्या.

मुलीचं नाव कुणीच लिहिलं नाही. तेवढं एफवायपासून पाठ आहे. मॅडमनी दोन-तीन कॉप्या वाचल्या, उठल्या आणि डस्टर हातात घेतला. आधी गिरणी पुसली. "नाक्यावर गिरणीशेजारी चाळी असतात किती?" मग मजला गेला, मग शाळा, मग इयत्ता. पॉक्सोच्या कलम २३ मध्ये हे सगळं स्पष्ट आहे: नाव, पत्ता, फोटो, घरच्यांची माहिती, शाळा, वस्ती आणि मुलाची ओळख उघड होईल असा कुठलाही तपशील छापायचा नाही. किमान सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. नोट्समध्ये हे मी हिरव्या पेनने लिहून ठेवलंय. पण वाक्यातला एकेक शब्द डोळ्यांदेखत पुसला जाताना जे कळतं, ते नोट्समधून कळत नाही. प्रत्येक पुसलेल्या शब्दामागे मला कुणीतरी बोट दाखवणारं दिसत होतं. गिरणीत दळण घेऊन आलेली बाई, वर्गातली बाजूच्या बाकावरची पोरगी, जिन्यात भेटणारे शेजारी.

आणि मग मॅडमनी आरोपीचं नाव पुसलं.

इथे वर्ग पेटला. मागून एक मित्र ओरडलाच, "मॅडम, त्याला कशाला वाचवायचं? त्याचं नाव तर ठळक टायपात द्यायला हवं!" मॅडम शांतपणे म्हणाल्या, "बापाचं नाव दिलंस की मुलगी कुठल्या घरातली ते दिलंस. आता तिचं नाव झाकून काय उपयोग?" तो गप्प झाला, पण त्याला पटलेलं नव्हतं, आणि त्याचा राग मला समजतो. ज्याने गुन्हा केला त्याला पडद्याआड ठेवायचं हे आतून सोसत नाही. पण तो पडदा त्याच्यासाठी नाहीच. आरोपी घरातला असला की त्याची आणि मुलीची ओळख एकात एक अडकलेली असते, आणि सोडवता येत नसेल तर दोन्ही झाकायची. मला हे शंभर टक्के पटलं.

२०१८ साली दिल्ली उच्च न्यायालयाने जम्मूतल्या कठुआ बलात्कार आणि खून प्रकरणात त्या लहान मुलीची ओळख उघड करणाऱ्या माध्यमसंस्थांना प्रत्येकी १० लाख रुपये भरायला लावले होते. त्याच वर्षी डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने निपुण सक्सेना खटल्यात सांगितलं की लैंगिक अत्याचारातली पीडित व्यक्ती हयात नसली आणि घरचे हो म्हणत असले, तरी नाव छापता येत नाही. तशी गरज आहे का ते सत्र न्यायाधीश ठरवतील. एखाद्याच्या नावावर त्याच्या मृत्यूनंतरही पहारा ठेवणारा हा निकाल मी आज ग्रंथालयात बसून पुन्हा वाचला. पत्रकारितेच्या अभ्यासक्रमात त्याला पाच मार्कांपेक्षा मोठी जागा हवी असं मला मनापासून वाटतं.

"मग बातमीत उरलं काय?" असं मैत्रिणीने विचारलं तेव्हा मी हात वर केला. त्या दोन तारखा उरल्या होत्या. आईला कळलं आणि गुन्हा नोंदला गेला, यांच्यात आठ दिवस होते. त्या आठ दिवसांत ती बाई कुठे गेली? चौकीत गेली असेल तर कुणी परत पाठवली? कुठल्या अधिकाऱ्याने? मला तरी तीच बातमी वाटते, आणि त्यात एक नाव छापायलाच हवं. मॅडमनी माझ्याकडे बघून मान हलवली आणि फळ्यावर त्या तारखांभोवती चौकोन काढला. आजचा दिवस माझ्यासाठी तिथेच सार्थकी लागला.

टीवायला जर्नलिझम की अ‍ॅडव्हर्टायझिंग हे ठरवायचं होतं तेव्हा घरी बराच खल झाला. (आमच्या मास मीडियाच्या डिग्रीचं नाव २०१९ पासून बीएएमएमसी झालंय, पण आमच्याकडे सगळे अजून बीएमएमच म्हणतात.) बाबांना जाहिरात बरी वाटत होती, पगाराच्या दृष्टीने. त्यांचं चुकीचं नव्हतं. मी त्यांना एवढंच म्हटलं होतं की मला ज्यांचं कुणी ऐकत नाही त्यांचं ऐकायचंय. आज असं म्हणेन की ऐकायचं तर आहेच, पण ऐकून झाल्यावर त्यांना सांभाळून लिहायचंय.

कॉलेजातून सीएसएमटीला जाताना मी मुद्दाम हॉर्निमन सर्कलवरून जाते. बेंजामिन हॉर्निमन जन्माने इंग्रज, 'बॉम्बे क्रॉनिकल'चे संपादक. रौलट कायदा आणि पंजाबातली दडपशाही यांवरचं त्यांचं लिखाण सरकारला झेपेना, तेव्हा १९१९ च्या एप्रिलमध्ये त्यांना जहाजात बसवून विलायतेला धाडलं. १९२६ साली ते परत आले. बागेच्या बाकांवर बसून डबा खाणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल? आपल्याच लोकांच्या राज्यात काय चाललंय ते त्यांनी छापलं, आणि किंमत स्वतः मोजली.

पण मला जास्त जवळचे वाटतात ते नारायण मेघाजी लोखंडे. १८८० पासून त्यांनी 'दीनबंधू' मुंबईतून चालवला. कापड गिरणीत माणसं किती तास राबतात, सुट्टी मिळत नाही, पगार वेळेवर होत नाही, हे त्यांनी लावून धरलं. नुसतं लिहून थांबले नाहीत, १८८४ साली कामगारांची संघटना उभी केली, आणि १० जून १८९० ला गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली. माझे आजोबा गिरणीतले. त्यांच्या रविवारमागे एक वर्तमानपत्र होतं हे मला आजोबांकडून नव्हे, एसवायच्या पुस्तकातून कळलं. शाळेत ६ जानेवारी १८३२, बाळशास्त्री जांभेकर आणि 'दर्पण' पाठ करून घेतात ते चांगलंच आहे, पण लोखंड्यांची तारीखही पोरांना सांगायला हवी.

घरी आले तर पुढचा प्रसंग. आमच्या बिल्डिंगच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पलीकडच्या गल्लीतल्या, अशाच एका प्रकरणातल्या मुलीबद्दल मेसेज फिरत होता. नाव, क्लासचं नाव, सगळं. खाली हात जोडलेले इमोजी. मी खालच्या काकूंकडे गेले, कारण मेसेज त्यांनी टाकला होता.

"काकू, ते डिलीट करा ना. तिची ओळख अशी फिरवणं गुन्हा आहे."

"अगं, मी कुठे वाईट लिहिलंय? काळजीनेच टाकलं. आणि सगळ्यांना माहितीये."

"गल्लीला माहीत असेल. ग्रुपमध्ये दोनशे जण आहेत, ते पुढे पाठवतील. उद्या तिला क्लासला जायचंय, काकू."

काकू क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या. मग चष्मा लावला, मोबाइल माझ्या हातात दिला, "तूच कर बाई." डिलीट झाल्यावर त्यांनी स्वतः ग्रुपवर लिहिलं की आधीचा मेसेज कुणी पुढे पाठवला असेल तर काढून टाका. त्यांना दोन मुली आहेत. मी निघाले तेव्हा म्हणाल्या, "हे असं कॉलेजात शिकवतात होय? बरं करतात."

आता माझ्या प्रोजेक्टचं. आमच्या वॉर्डात एका शाळेसमोरचा फूटपाथ नव्याने बांधला आणि पावसाळा संपायच्या आत पेव्हर ब्लॉक उखडले. मी माहितीचा अधिकार वापरला: १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत, कारण महाराष्ट्राच्या नियमांत तसंच बसतं. ३० दिवस उलटून गेले, उत्तर नाही. विचारायला गेले तर "साहेब साइटवर आहेत" आणि "संबंधित विभागाकडे पाठवलंय". पोलीस प्रेसनोटमध्ये बारा वर्षांच्या पोरीचा मजलासुद्धा असतो, आणि शाळेसमोरचा फूटपाथ कुणी बांधला हे विचारलं की नुसता 'संबंधित विभाग'. आपल्या बातम्याही तशाच: 'आदेश देण्यात आले', 'चौकशी करण्यात येईल'. कुणी दिले, कोण करणार? प्रोजेक्टच्या कॉपीत असं एकही वाक्य राहू द्यायचं नाही असं मी ठरवलंय.

उत्तराची मुदत संपल्यापासून ३० दिवसांत पहिलं अपील करावं लागतं, अजून मुदत आहे. मसुदा आत्ताच लिहून झाला. उद्या २० रुपयांचा स्टॅम्प लावून प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे द्यायचा आणि पोच घ्यायची. मागणी तीच: कार्यादेशाची (वर्क ऑर्डरची) प्रत, दोषदायित्व कालावधी (काम बिघडलं तर कंत्राटदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायची मुदत) किती, कंत्राटदाराचं नाव, आणि ज्या अभियंत्याने काम तपासून बिलावर सही केली त्याचं नाव आणि हुद्दा.