तुम्ही विचारलेत म्हणून: पंचेचाळीस की नऊ?

ओहायोत राहणाऱ्या मराठी मंडळींपैकी कोणीतरी दर वर्षी गणपतीच्या जेवणानंतर मला बाजूला घेऊन एकच प्रश्न विचारते: "१९११ घ्यायचे ठरवले आहे, पण .४५ मध्ये घ्यावे की ९ मिमीमध्ये?" १९११ हे त्या साली अमेरिकी सैन्याने स्वीकारलेले पिस्तूल, आणि .४५ (इंच) व ९ मिमी हे त्याच्या गोळीचे व्यास, म्हणजे कॅलिबर. मी स्वतः गेली अनेक वर्षे .४५ चे पिस्तूल वापरतो. तरीही पहिले पिस्तूल घेणाऱ्या बहुतेकांना मी ९ मिमी सुचवतो, आणि या दोन गोष्टी एकमेकींशी जुळत नाहीत असे ऐकणाऱ्याला वाटते. त्या जुळतात कशा, हे एकदा नीट लिहून काढतो.

आधी पिस्तुलाविषयी. जॉन मोझेस ब्राउनिंग यांनी हे पिस्तूल काडतुसाभोवती रचले होते. फिलिपिन्समधील मोरो बंडाच्या काळात अमेरिकी सैन्याला .३८ ची रिव्हॉल्व्हरे अपुरी वाटली. १९०४ मध्ये थॉम्पसन आणि लागार्ड या दोन अधिकाऱ्यांनी शिकागोच्या कत्तलखान्यांत चाचण्या घेतल्या आणि सैनिकी पिस्तुलाचा व्यास .४५ इंचाहून कमी नसावा अशी शिफारस केली. ब्राउनिंग यांनी मग .४५ एसीपी हे काडतूस आणि ते चालवणारे पिस्तूल अशी जोडीच तयार केली, आणि मार्च १९११ मधील ६,००० गोळ्यांच्या कसोटीनंतर त्याच महिन्याच्या २९ तारखेला सैन्याने ते स्वीकारले. १९८५ मध्ये ९ मिमीच्या बेरेटाने त्याची जागा घेईपर्यंत ते अमेरिकी सैन्याचे अधिकृत पिस्तूल होते. ही सिंगल ॲक्शन रचना आहे. चाप ओढल्याने फक्त आधी चढवलेला घोडा सुटतो, तो चढवण्याचे काम चापाकडे नसते. त्यामुळे चाप थोडा आणि सरळ मागे सरकतो, आणि प्रत्येक गोळीला तो ओढायला जोर तेवढाच लागतो. लोक या पिस्तुलाच्या प्रेमात पडतात ते या चापामुळे, आणि चाप कोणत्याही कॅलिबरमध्ये तोच असतो.

काडतूस बदलले की काय बदलते, हे मी जेवणाच्या टेबलावर तीन डमी (दारू नसलेली) काडतुसे शेजारी शेजारी उभी करून दाखवतो. .४५ सुमारे ३२.४ मिलिमीटर उंच, .३८ सुपर (याच पिस्तुलात चालणारे तिसरे काडतूस) जवळजवळ तेवढेच, आणि ९ मिमी मात्र पावणेतीन मिलिमीटरने बुटके, २९.७ च्या आसपास. मॅगझीनची, म्हणजे मुठीत बसणाऱ्या काडतुसांच्या डब्याची, पोकळी उंच काडतुसांसाठी बेतलेली आहे. तीत बुटके काडतूस घातले तर मागे जागा उरते आणि ते आतल्या आत मागेपुढे सरकते, म्हणून ९ मिमीच्या मॅगझीनला मागच्या बाजूला आतून पट्टी किंवा उंचवटा देतात. माझ्या पहिल्या ९ मिमी १९११ सोबत आलेली दोन्ही मॅगझिने इतकी वाईट होती की दर पन्नास गोळ्यांत तीन-चार वेळा पिस्तूल अडायचे. अडकलेले काडतूस बाहेर काढले की गोळीच्या तांब्याच्या टोकावर, बरोबर नाकाशी, नखाने खरवडल्यासारखा चपटा ओरखडा दिसे. काडतूस वर चढण्याऐवजी नाक खाली करून नळीखालच्या उतारावर आदळत होते. तीन महिने मी पिस्तुलालाच दोष देत राहिलो, आणि मग एका जुन्या नेमबाजाने आपले मॅगझीन माझ्या हातात ठेवले, तेव्हा शंभर गोळ्या एकदाही न अडता गेल्या. म्हणून ९ मिमी घेणाऱ्यांना माझे आग्रहाचे सांगणे असते, की पिस्तुलावर थोडे कमी खर्च करा, पण मॅगझिने चांगली घ्या. दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्याला हलके ९ मिमी पिस्तूल हवे होते आणि त्या निमित्ताने कोल्ट कंपनीने १९११ चेच हलके रूप, कमांडर, काढले, म्हणजे १९११ आणि ९ मिमी ही जोडी काही कालपरवाची नाही. चांगल्या मॅगझीनसह ती आज पूर्ण भरवशाची आहे.

आता धक्क्याविषयी. .४५ ची नेहमीची गोळी २३० ग्रेनची, म्हणजे पंधरा ग्रॅमला किंचित कमी, आणि तिचा वेग सेकंदाला साधारण २५० मीटर. ९ मिमीची ११५ ग्रेनची गोळी बरोबर निम्म्या वजनाची असते आणि तिचा वेग ३५० मीटरच्या आसपास असतो. वजन आणि वेग यांचा गुणाकार केला तर ९ मिमीचा आकडा .४५ च्या सुमारे दोन तृतीयांश भरतो. पिस्तूल मात्र दोन्हीकडे सारख्याच वजनाचे, साधारण अकराशे ग्रॅमचे असते. उलट बारीक छिद्रामुळे ९ मिमीच्या नळीत थोडे पोलाद जास्तच उरते. .४५ चा धक्का लोक सांगतात तितका भयंकर नसतो. तो लोटल्यासारखा येतो आणि ९ मिमीचा चटका दिल्यासारखा. पण शिकणाऱ्याच्या हाताला तो एक तृतीयांश फरक पन्नासाव्या गोळीनंतर जाणवू लागतो.

गेल्या हिवाळ्यात एका मित्राच्या पत्नीला मी शिकवत होतो. शिकवताना मी मॅगझीनमध्ये मधेच एक डमी काडतूस घालतो, कोणते ते शिकणाऱ्याला ठाऊक नसते. .४५ वर वीस गोळ्या झाल्यावर डमी आले, घोडा नुसता खट्कन पडला आणि नळीचे टोक चांगले बोटभर खाली झुकले, कारण धक्का येणार म्हणून मनगटाने आधीच खाली दाब दिला होता. ९ मिमीवर तीच गोष्ट केली तेव्हा टोक जेमतेम हलले. ही खोड एकदा हातात बसली की काढायला महिने लागतात, आणि ती बसूच नये म्हणून मी ९ मिमी सुचवतो. त्यांचे हात लहान होते आणि "९ मिमीची मूठ बारीक असेल ना?" असे त्यांनी विचारले होते. तशी ती नसते, सांगाडा तोच असतो. पण ९ मिमीची रिकॉइल स्प्रिंग हलकी असते, त्यामुळे स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) मागे ओढणे त्यांना खरोखरच सोपे गेले.

खर्चाचे गणित साधे आहे. माझ्या नेहमीच्या दुकानात .४५ ची पेटी ९ मिमीच्या दीडपट ते जवळजवळ दुप्पट किमतीला मिळते. त्याच पैशांत ९ मिमी घेणाऱ्याचा सराव जास्त होतो.

मग मी .४५ का धरून आहे? कारण मी बुल्सआय, म्हणजे कागदी लक्ष्यावर पिस्तुलाने नेम साधण्याचा खेळ, खेळतो. आमच्याकडे लेक एरीच्या काठावर कॅम्प पेरी हे नेमबाजीचे ठिकाण आहे. तिथल्या २७०० गुणांच्या स्पर्धेत २७० गोळ्या असतात: ९० .२२ च्या, ९० सेंटरफायरच्या (बुडाच्या मध्यावर ठिणगी देणारी टिकली, म्हणजे प्राइमर, असलेल्या काडतुसांच्या) आणि ९० .४५ च्या. तिसऱ्या भागासाठी .४५ लागतेच, आणि दुसऱ्या भागात ते चालते, म्हणून बरेच जण दोन्हीकडे एकच पिस्तूल वापरतात. शिवाय छिद्राची कड वरच्या गुणाच्या रेषेला टेकली तर वरचा गुण मिळतो, आणि .४५ ची गोळी ९ मिमीहून त्रिज्येत सव्वा मिलिमीटरने मोठी आहे. सव्वा मिलिमीटर म्हणजे काय, हे रेषेच्या केसभर बाहेर गेलेला दहा ज्याने पाहिला आहे त्यालाच कळेल. मी काडतुसेही घरी भरतो. .४५ चा दाब २१,००० पीएसआयच्या (दर चौरस इंचाला पौंड) आत आणि ९ मिमीचा ३५,००० पर्यंत जातो, म्हणून .४५ च्या रिकाम्या पितळी पुंगळ्या पुन्हा पुन्हा भरता येतात. फक्त हल्ली काही पुंगळ्या लहान प्राइमरच्या येतात आणि त्या वेचून वेगळ्या कराव्या लागतात. दोनशे ग्रेनची हलकी गोळी, थोडी कमी दारू, आणि .४५ इतके मऊ होते की त्याच्यासारखा आनंद मला दुसऱ्या कोणत्याही पिस्तुलाने दिलेला नाही.

.३८ सुपरविषयी थोडक्यात. १९२९ मध्ये आलेले हे काडतूस या मॅगझीनला नैसर्गिकपणे बसते आणि वेगवान आहे. आरंभीची पिस्तुले ते बुडाच्या बारीक कडेवर तोलत असल्याने नेम विस्कटायचा. पुढे नळ्या पुंगळीच्या तोंडावर तोलणाऱ्या झाल्या आणि तो दोष गेला. मला ते फार आवडते, पण साध्या दुकानात त्याची काडतुसे सहज मिळत नाहीत, आणि पहिल्या पिस्तुलासाठी ही अडचण छोटी नाही.

"पण ताकद?" असे हटकून विचारले जाते. एफबीआयसारखी संस्थासुद्धा २०१० च्या दशकात .४० सोडून पुन्हा ९ मिमीकडे वळली, यापलीकडे त्या वादात मी शिरत नाही.

पुण्याहून आणि कोल्हापूरहून विचारणाऱ्यांसाठी वेगळे उत्तर आहे. भारतात ९ मिमी हा सामान्य परवानाधारकासाठी निषिद्ध बोर (कॅलिबर) आहे आणि तिथला परवानाधारक साधारणपणे .३२ कडे जातो, त्यामुळे ही निवड तुमच्यासमोर येणारच नाही.

ओहायोतल्यांनी मात्र पिस्तुले भाड्याने देणाऱ्या एखाद्या रेंजवर शनिवारी सकाळी जाऊन दोन्ही कॅलिबरची १९११ घ्यावीत आणि प्रत्येकी पन्नास गोळ्या झाडाव्यात. बंद छताखाली ९ मिमीचा आवाज .४५ पेक्षा कानाला तीक्ष्ण लागतो, म्हणून कानात बोळे आणि वरून कान झाकणारे मफ असे दोन्ही लावा. पहिल्या चाळीस गोळ्यांकडे लक्ष देऊ नका. शेवटच्या दहासाठी नवा कागद लावा, सोबतच्या माणसाला तुमच्या नकळत दोन डमी घालायला सांगा, आणि डमी आल्यावर नळीचे टोक कोणत्या पिस्तुलात जागेवर राहते ते पाहा.